चूलबंद आवतण

शिवनहट्टी, ता. दक्षिण सोलापूर
७ जुलै

श्रीमंत गुरुजींना सिद्धप्पाचे शरणु शरणार्थी.

तीन वर्षांनी पत्र लिहितो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. उशीर का झाला याची कारणं मी कालपासून जमवतो आहे. हात थरथरतो, हे एक. चष्म्याची एक काडी मोडली आहे, ती दोऱ्याने कानाला बांधावी लागते, हे दुसरं. तुमचा अकलूजचा पत्ता सापडत नव्हता, असं तिसरं लिहिणार होतो, पण पत्ता देवळीतल्या डब्यातच होता आणि मला ते ठाऊक होतं. शिवबाई म्हणाली, "अवो, कारणं लिवण्यातच कागद संपंल. पत्र लिवा." म्हणून लिहितो.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा? अकलूजला पाणी भरपूर, ऊस भरपूर, म्हणजे डासही भरपूर असणार. मच्छरदाणी लावता की नाही?

आता मुख्य गोष्ट. आपल्या शाळेवर संकट आलं आहे. तुम्ही बदलून गेलात तेव्हा पटावर एकतीस मुलं होती, आता पंधरा आहेत. वरून कागद आला आहे की तीस सप्टेंबरला वीस मुलं दिसली नाहीत तर शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेत मिळवायची. चार किलोमीटर. मध्ये तो हायवे, त्यावरून रात्रंदिवस कंटेनर पळतात. मी स्वतः तो रस्ता ओलांडताना तीनदा मागे येतो. पहिलीतलं पोर कसं जाणार? आणि पोरी तर घरीच बसतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नवीन बाई आहेत, उत्कर्षा बाई. वैरागच्या. वयाने लहान, पण पायात भिंगरी. त्या सहीसाठी आमच्या दारात आल्या, आणि दारात आलेल्याला नाही म्हणणं मला जमत नाही, तर त्यांनी मला 'शाळा वाचवा' मंडळाचा अध्यक्षच केलं. पहिली पालकसभा घेतली. तिघे आले. त्यातला एक मी आणि एक जण शेळी शोधत आला होता.

माझी नात अक्षता रस्त्यापलीकडच्या इंग्रजी शाळेत जाते, पिवळ्या गाडीने. तो सूनबाईचा निर्णय. त्यात मी पडत नाही.

तुम्ही शेवटचे आमच्या घरी आला होता तेव्हा मी घरी नव्हतो. भेट झाली नाही याचं वाईट वाटलं.

शाळेसाठी काय करावं, एक ओळ लिहून कळवा. पिनकोड दोनदा तपासला आहे.

तुमचा,
सिद्धप्पा


२ ऑगस्ट

गुरुजी, शरणु शरणार्थी.

तुमचं उत्तर आलं नाही. पोस्टमनला रोज विचारतो, तर तो आता मला पाहून सायकल दुसऱ्या बोळातून काढतो. पत्र पोचलं नसेल असं आधी वाटलं. मग वाटलं, पोचलं असेल. दोन्हींत झोप येत नाही.

आमचं काम चालू आहे. मी आणि उत्कर्षा बाई घरोघर जातो. बाई बोलतात, मी शेजारी उभा राहून घाबरतो. लोक वाईट बोलत नाहीत, चहा देतात. पण प्रत्येकाचं एक म्हणणं असतं. एक म्हणतो, तिकडं टाय आहे. दुसरा म्हणतो, हितं पोरगं शिकतंय का न्हाय तेच कळत न्हाय, तिकडं निदान वह्या तरी भरून येत्यात. एका आईने सांगितलं, "बाई, पोरगं पिवळ्या गाडीत बसलं की शेजारीण गप बसती." बाईंनी चहा संपवला. मीही.

परवा चंद्रव्वाच्या घरी गेलो. तुमच्या वेळेपासून शाळेत खिचडी शिजवते तीच. तिचा नातू आपल्याच शाळेत आहे, म्हणून वाटलं हे घर सोपं. तिने मला पाट दिला, पाणी दिलं, आणि विचारलं,

"अण्णा, दुसऱ्याची पोरं शाळेत घाला म्हणून हिंडताय. तुमची नात कुटं हाय?"

मी म्हणालो, "ते सूनबाईचं हाय बग. आजकालच्या सुना ऐकत्यात व्हय?"

"दानेश्वरी ऐकत न्हाय? ती तर तुमच्यापुडं मान वर करून बोलत न्हाय की."

मी म्हणालो, गाय सुटली असेल, बघतो. चार वर्षांपूर्वी गाय विकली आहे, हे चंद्रव्वाला माहीत होतं. बाईंना नव्हतं, त्या माझ्यामागे गाय शोधायला आल्या. निम्म्या बोळापर्यंत आम्ही दोघे इकडंतिकडं बघत गेलो.

एक गोष्ट मात्र मी मनात धरून आहे. काल बाई मला म्हणाल्या, "आजोबा, गावात लग्नाचं आवतण द्यायला तुम्हीच जाता ना? मग सभेचा कागद कशाला वाटायचा? तुम्हीच आवतण द्या की."

गुरुजी, ही पोरगी गावात येऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात गावात लग्न झालेलं नाही. घराघरांत कुणाचं कुणाशी बोलणं बंद, कुठल्या घरी आधी सुनेला सांगावं लागतं, कुठे म्हातारीला, हे माझ्या डोक्यात आहे म्हणून चाळीस वर्षं लोक मलाच पाठवतात, हे तिला कुणी सांगितलं? मी नाही. हे सांगू शकेल असा बाहेरगावी एकच माणूस आहे.

म्हणजे पत्र पोचलं आहे. तुम्ही बाईंना फोन केला आहे. मला करत नाही. ठीक आहे. तेवढ्यावरही मला काल दोन भाकरी जास्त गेल्या.

तुमचा,
सिद्धप्पा


१५ सप्टेंबर

गुरुजी, शरणु शरणार्थी.

काल जे झालं ते तुम्हाला बाईंकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून सकाळी उठल्याबरोबर लिहायला बसलो. आधी सांगतो, कुणी मेलं नाही.

रविवारी दहा वाजता पालकसभा ठरवली. शनिवारी मी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, कपाळाला विभूती लावून आवतणाला निघालो. रीतीप्रमाणे सुरुवात आपल्याच घरापासून केली. मग वरची आळी, मग खालची, मग मळ्यातल्या वस्त्या. ब्याण्णव उंबरे. प्रत्येक दारात उभं राहून सांगायचं ते सांगत गेलो. पाय दुखले, पण जीभ आपोआप चालत होती. चाळीस वर्षांची सवय.

रविवारी बाईंनी तीस खुर्च्या मांडल्या आणि तीस कप चहाची तयारी केली. मी म्हणालो, तीस कशाला, मागच्या वेळी शेळीवाला धरून तीन होते.

साडेनऊला माणसं यायला लागली. बायका नवी लुगडी नेसून, म्हातारे काठी टेकत, कडेवर लेकरं, प्रत्येकाच्या हातात आपापलं ताट आणि तांब्या. दहाला शाळेचं पटांगण भरलं. सव्वादहाला कुंपणाबाहेर लोक उभे होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाल्या, "आजोबा, बघा, गावाला शाळेची किती काळजी आहे."

मी ताटांकडे बघत होतो.

चंद्रव्वा पुढे आली. "अण्णा, पंगत कुटं बसवायची?"

"कसली पंगत?"

"आता कसली म्हंजे. काल दारात येऊन तुमीच सांगितलंत की. उद्या दहाला शाळेत, चूलबंद."

गुरुजी, तुम्ही माढ्याकडचे, तुमच्याकडेही असेलच. चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला जेवण, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. लग्नाला सांगून सांगून तो शब्द माझ्या जिभेवर बसला आहे. ब्याण्णव घरी मी सभा सांगितली आणि शेवटी चूलबंद म्हणालो. मला आठवतसुद्धा नाही. ब्याण्णव घरांत सकाळपासून चूल पेटलेली नव्हती.

मी शिवबाईला शोधलं. तीही नवं लुगडं नेसून ताट घेऊन उभी. म्हणाली, "म्यापन पेटवली न्हाय. म्हटलं एवडं मोटं जेवण काडलंय, घरात बोलला न्हाय, काय तरी इचार असंल."

चूलबंद सांगून माणूस उपाशी पाठवला तर त्या घराशी गाव पिढ्यानपिढ्या बोलत नाही. मी झेंड्याच्या कट्ट्यावर बसलो आणि बाईंना म्हणालो, मला सोलापूरला दवाखान्यात न्या. बाई म्हणाल्या, काय होतंय? मी म्हणालो, काही होत नाही, पण न्या.

चंद्रव्वा आधी हसली. इतकी हसली की तिला खांब धरावा लागला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"गप बसा गं सगळ्या. अण्णानं चूल बंद करायला सांगितलं हुतं. दुरडी बंद कर म्हणाला न्हवता. कुणाच्या घरात कडक भाकरीची चवड न्हाय, हात वर करा."

कुणाचाच हात वर झाला नाही. आपल्याकडे ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगा-चटणीचा डबा नसलेलं घर असतं का कुठे? पोरं पळाली. अर्ध्या तासात चवडीच्या चवडी येऊन पडल्या. कुणी दही आणलं, कुणी कांदे, मळ्यातल्यांनी पालेभाज्यांचे भारे. चंद्रव्वाने लग्नातलं मोठं पातेलं मागवलं आणि पटांगणात तीन दगड मांडून त्या भाज्यांचा गरगट्टा चढवला. पहिली फोडणी माझी सून दानेश्वरी घालत होती. शाळेच्या तांदळाच्या एका दाण्याला हात लावू दिला नाही चंद्रव्वाने. "त्यो पोरांचा हाय," म्हणाली.

आता गरगट्टा शिजेपर्यंत चारशे माणसं बसणार. आवतणाला आलेला माणूस जेवल्याशिवाय उठत नाही. बाईंचं भाषण दहा मिनिटांत संपलं. मग त्या गडबडल्या आणि म्हणाल्या, तुमच्याजवळ जो कागद असेल तो आमच्या मुलांना द्या, ती वाचून दाखवतील.

आधी कुणी दिला नाही. मग एकाने लाइटबिल दिलं. दुसरीतल्या पोरीने ते आकड्यांसकट वाचलं आणि वर विचारलं, "काका, मागची तारीख गेली की." लोक हसले. मग खताची पिशवी आली, बियाणाचं पाकीट आलं, एकाने सोसायटीची नोटीस दिली. रांगच लागली. म्हाताऱ्या पदराच्या गाठी सोडून चिठ्ठ्या काढत होत्या. 'पोरगं शिकतंय का न्हाय कळत न्हाय' म्हणणारा तो गडी डोळे फाडून बघत होता, कारण त्याच्या पुतण्याने त्याच्या मोबाइलवरचा बँकेचा मेसेज वाचून दाखवला, इंग्रजीतला.

मीही माझी रक्तदाबाची गोळी दिली, तिसरीतल्या पोराला. त्याने पाकीट उलटंसुलटं करून अक्षरं लावली आणि म्हणाला, "अज्जा, ही गोळी मे महिन्यातच संपली. तुमी काय खाताय मग?"

चारशे माणसांत हे. गुरुजी, चार महिने मी रोज गोळी घेऊन मगच काळजी करत होतो.

मग ते झालं ज्याची मला जुलैपासून भीती होती. चंद्रव्वा पळी हातात घेऊन उभी राहिली. "अण्णा, पोरं तर लई झ्याक वाचत्यात. सगळ्यांस्नी घाला म्हणताय, खरं हाय तुमचं. आता सांगा, तुमची अक्षता हितं का न्हाय?"

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. मी तोंड उघडलं. सूनबाईचं नाव जिभेवर आलंच होतं. समोर दानेश्वरी गरगट्टा घोटत होती. तिने वर पाहिलं नाही. तीन वर्षं मी गावभर तिचं नाव सांगतो आहे आणि तीन वर्षं ती असंच वर न पाहता ऐकते आहे.

मी म्हणालो, "ते मी केलं. सूनबाईनं न्हाय. मी."

मग थांबता येईना, मी बोलत राहिलो. सांगितलं की सोलापुरात एका दवाखान्यात मला फॉर्म भरायला दिला होता, इंग्रजीत. मी तो उलटा धरला होता. काउंटरवरचा पोरगा हसला. घरी येईपर्यंत ठरवून टाकलं की माझ्या नातीला असं कुणी हसणार नाही. दुसऱ्या दिवशी पिवळ्या गाडीवाल्याला बोलावलं. घरात कुणालाच विचारलं नाही. मग माझं बघून भाऊबंदांनी काढली पोरं, आणि त्यांचं बघून इतरांनी. सोळा पोरं गेली, त्यातली पहिली माझी.

दानेश्वरीने पळी खाली ठेवली. गुरुजी, मी तिचा आवाज चार माणसांत कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली,

"मामा, मला कुणी इचारलंच न्हाय. माहेरी अशी शाळा असती, मी सातवी झाले असते, तर मी बी फॉर्म भरला असता. आमच्या गावची शाळा चौथीलाच संपत हुती आनि पुडची लांब हुती. तवा मी घरी बसले. आता ही बी लांब करायची व्हय?"

मग तिने पुन्हा पळी उचलली आणि म्हणाली, "बसा आता पंगतीला. गरगट्टा झालाय."

दोन पंगती उठल्या. भाकरी उरली.

तुमचा,
सिद्धप्पा

(गोळ्या आज नवीन आणल्या. दुकानदाराकडून तारीख तीनदा वाचून घेतली.)


२ ऑक्टोबर

गुरुजी, शरणु शरणार्थी.

आधी आकडा सांगतो, कारण तुम्ही पत्र उघडून आधी तोच शोधाल. तेवीस.

तीस तारखेला साहेब आले, मुलं मोजली. मीही त्यांच्यामागून मोजली, दोनदा. एकदा चोवीस आली, कारण चंद्रव्वाचं मधलं नातवंड तीन वर्षांचं आहे आणि ते येऊन रांगेत बसलं होतं. साहेबांनी त्याला सोडून मोजलं तरी तेवीस. साहेब म्हणाले, यंदा चिंता नाही. पुढच्या वर्षाचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, आजोबा, आजचा दिवस तरी आनंदात जाऊ द्या. जाऊ दिला. संध्याकाळपासून पुढच्या वर्षाची काळजी चालू केली आहे.

'शाळा वाचवा' मंडळाची नवी अध्यक्ष दानेश्वरी आहे. मला काढलं. ती म्हणाली, "मामा, तुमी घाबरायचं काम बगा, बाकीचं आमी बगतो." आता दर शनिवारी सकाळी आया पाळीपाळीने शाळेत जाऊन बसतात आणि मुलांचं वाचन ऐकतात. ज्यांना वाचता येत नाही त्याही. चंद्रव्वा म्हणते, मला अक्षर येत न्हाय, पण पोरगं कुटं अडकतंय ते कळतंय की. शेजारणींना आता पिवळ्या गाडीऐवजी शनिवारच्या पाळीवरून भांडायला मिळतं.

अक्षताला आम्ही या वेळी विचारलं. तिने दोन दिवस विचार केला. गाडीत मळमळतं, हे तिने पहिल्यांदाच सांगितलं. मग म्हणाली, येते, पण एक अट. अज्जाने शाळेपर्यंत सोडायला यायचं आणि वाटेत 'हळू चाल' म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा म्हणालो. तिने मोजले. काल तीन वेळा.

ती शाळेत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या चुलतभावाची दोन आली. मग एकामागून एक, जशी गेली तशीच.

आता शेवटचं. हे लिहिण्यासाठीच मी पहिलं पत्र लिहिलं होतं, आणि त्यात खोटं लिहून बसलो.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही अक्षताचा दाखला काढू नका म्हणायला आमच्या घरी आला होता. मी घरी होतो. माजघराच्या दाराआड उभा होतो. शिवबाईला मीच सांगितलं, नाही म्हणून सांग. तुम्ही ओसरीवर पाणी प्यालात आणि जाताना म्हणालात, "आल्यावर सांगा, सिद्धप्पांनी एक पोर नेलं की मागून पंधरा जातील." मी फटीतून बघितलं. तुम्ही उंबऱ्याजवळच्या माझ्या चपलांकडे बघत होता. त्यांचा एक अंगठा खिळ्याने ठोकलेला आहे, गावात तशी दुसरी चप्पल नाही. त्या वाटेत होत्या. तुम्ही त्या उचलून भिंतीला नीट लावल्या आणि गेलात. तुमच्या निरोपसमारंभाला मी आलो नाही तो याच लाजेने.

तुम्ही पंधरा म्हणाला होता. बरोबर पंधराच गेली.

तर गुरुजी, आठ नोव्हेंबरला, शनिवारी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळेत मुलांच्या वाचनाचा कार्यक्रम आहे. गावाने ठरवलं आहे की तुम्ही यावं. दानेश्वरी म्हणाली फोन करते. मी म्हणालो, फोन नाही, आवतण मी देणार. पाय अकलूजपर्यंत चालणार नाहीत म्हणून कागदावर देतो. तुमच्या सगळ्या घराला, गुरुमातेला, लेकाला, सुनेला, नातवंडांना, आठ तारखेला शिवनहट्टीत चूलबंद आवतण आहे. या वेळी शुद्धीत म्हणतो आहे. जेवणाची तयारी आधीच चालू केली आहे.

एसटी हायवेला थांबते. मी नऊपासून तिथे उभा असेन. रस्ता ओलांडू नका, मी येतो पलीकडे. मी नसलोच, तर चपला कुठेतरी दिसतील, पण मी असेन.

आता उत्तर तेवढं पाठवा. बाईंना नको, मला पाठवा. एक ओळ पुरे. चूलबंदाला किती माणसं येणार हे आधी कळावं लागतं. शिवबाई रोज विचारते, गुरुजींच्या घरची किती माणसं धरू, आणि मी रोज वेगळा आकडा सांगतो. पोस्टमन पुन्हा आमच्या बोळातून यायला लागला आहे. त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. लवकर कळवा.

तुमचा,
सिद्धप्पा